नमुन्यांच्या खोलीतली तिसरी खुर्ची

मखमलीवर उलटा हात फिरवणाऱ्या माणसावर थोरलीचा विश्वास बसत नसे. आणि त्या बाईनं पहिल्याच दिवशी, कुणी बोलावलेलं नसताना कापायच्या टेबलापाशी येऊन, सभागृहाच्या पडद्यासाठी आलेल्या गर्द लाल मखमलीवर खालून वर हात फिरवला होता. लव उठली, कापडावर काळपट पट्टा उमटला, आणि बाई म्हणते काय, "किती छान लागतं नाही हाताला?"

"लागतं ना," थोरली म्हणाली होती. "आता तो पट्टा मला ब्रशनं बसवायला लागेल, तेही छानच लागेल."

दुसरं कुणी असतं तर ओशाळलं असतं, नाहीतर फणकाऱ्यानं निघून गेलं असतं. ही बाई नुसती उभी राहिली. डोळे मिटले, पोटातून श्वास घेतला, समोरच्याला दिसेल असा, आणि म्हणाली, "तुम्हाला राग आलाय हे माझ्या लक्षात आलं, काकू."

राग आलाय हे कळायला श्वास कशाला लागतो? दारातल्या कुत्र्याला कळलं असतं. त्या दिवसापासून थोरलीनं तिचं नाव श्वासवाली ठेवलं, आणि पडद्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या बायकांपासून गाडी हाकणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते बसलं.

श्वासवाली हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे. चहा दिला की अर्धा पिऊन अर्धा ठेवत असे. "साखर जास्त झाली का?" असं विचारलं की हसत असे. हसण्यात काय आहे? हसून माणूस काय लपवतं ते थोरलीला ठाऊक होतं. तिनं जन्मभर गिऱ्हाईकं पाहिली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ही खोड तिनं थोरलीच्या मुलाला, धाकट्यालाही लावली. पूर्वी "जेवलास का रे?" म्हटलं की पोरगं तोंडात घास असताना "हो" म्हणायचं. आता थांबायचं. खिडकीबाहेर पाहायचं. मग म्हणायचं, "मला भूक आहे की सवय आहे ते बघतोय, आई."

"भूक आणि सवय वेगळी करायला मी तुला वाढवलं नाही," थोरली म्हणायची आणि ताट पुढं ढकलायची.

धाकट्यानं आणि त्याच्या बायकोनं वेगळं व्हायचं ठरवलंय हे घराला हिवाळ्यातच कळलं होतं. आदळआपट नाही, रडारड नाही, माहेरून माणसं आली नाहीत. दोघंही रोज एकाच गाडीतून कारखान्यात येत होती, एकाच गाडीतून परत जात होती आणि आठवड्यातून एकदा या बाईसमोर बसत होती. धाकट्यानं सांगितलं होतं, ती कोच आहे. घटस्फोटाची.

"कोच? म्हणजे शर्यत लावणार की काय तुमची?" थोरलीनं विचारलं होतं. "आणि जिंकणार कोण?"

"तसं नाही गं. भानावर राहून वेगळं व्हायचं, एकमेकांना न ओरबाडता. ते ती शिकवते."

"भानावर असलेली माणसं वेगळी होतात कशाला?"

यावर धाकटा थांबला होता. श्वास घेतला होता. थोरली त्याचं उत्तर ऐकायला उभीच राहिली नाही.

तिच्या जिवाला खरा घोर लागला होता तो कात्रीचा. या घरात कात्री मुलाकडे जात नसे. ती सुनेकडे जाई. थोरलीच्या सासूला तिच्या सासूकडून मिळाली होती, थोरलीला सासूकडून. मुलगे दांड्या बसवत, गिऱ्हाईक आणत, गाडी हाकत. पण कापड कापायचं ते टेबलाच्या डोक्याशी उभ्या असलेल्या बाईनं. थोरलीला दोन सुना. मोठीला हिशेब उत्तम येई आणि सरळ रेघ येत नसे. धाकटी या घरात आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. पण टेबलाच्या त्या टोकाला उभी राहिली की थोरलीनं कापड ओढायच्या आत तिला कळे, किती ओढणार. मग बोलावं लागत नसे. दोघी दिवस दिवस न बोलता कापत. धाकटीला मूल झालं नाही, आणि त्यावरून कुणी तोंड उघडलं की थोरली कात्री टेबलावर अशी आपटी, की उघडलेलं तोंड आपोआप मिटे.

आता ही सूनच सून राहणार नव्हती. आणि थोरलीला खात्री होती, या सगळ्यामागं त्या श्वासवालीचा काहीतरी डाव होता.

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. धाकटा, धाकटी आणि श्वासवाली नमुन्यांच्या खोलीत बसणार होती. तिथं छतापासून जमिनीपर्यंत पडदे टांगलेले, त्यामुळं बाहेरचा आवाज येत नाही, म्हणून ती जागा श्वासवालीला पसंत पडली होती.

"वेगळं व्हायला शांत जागा कशाला लागते?" थोरली कापायच्या खोलीत स्टुलावर बसून म्हणाली. समोर तिचा मोठा मुलगा, ज्याला सगळे दादा म्हणत, आणि तिची नणंद. दोघांनाही तिनंच बोलावून घेतलं होतं.

"वहिनी, मी सांगू का?" नणंद पुढं सरकली. वन्संना सांगायचं असलं की त्या आधी विचारत, आणि नको म्हटलं तरी सांगत. "त्या बाईचा डोळा आपल्या धाकट्यावर आहे. आधी मोकळा करायचा, मग गळ्यात पडायचं. मला तिची नजरच सांगते."

"तिची नजर? वन्सं, तुम्हाला परवा समोरून आलेला आपला धाकटाच ओळखू आला नाही."

"तो उन्हात होता!"

दादा हसला नाही. तो दाराला टेकून उभा होता, हातात गाडीची किल्ली फिरवत. "आई, आत्या काय म्हणते ते सोड. माझं ऐक. कोच तिनं आणलीय, धाकटीनं. का आणलीय? वेगळं होताना कारखान्यात हिस्सा मागायचा म्हणून. आपला धाकटा भोळा. श्वास घे, श्वास सोड, आणि मध्येच सही कर."

हे थोरलीला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, आठवडाभर तिच्या मनात जे घोळत होतं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं. "मलाही तसंच वाटतं. हल्ली ती टेबलाशी गप्प असते."

"ती नेहमीच गप्प असते, वहिनी."

"आधीचं गप्प वेगळं होतं."

"मग उशीर करू नकोस," दादा म्हणाला. "तिनं मागायच्या आत आपणच सांगू, बाई, तुझं इथलं संपलं. कात्री मोठीकडे दे. घरातल्या घरात राहील. कापायला काय, कुणीही कापतं. बाहेरून एखादी ठेवू, अर्ध्या पगारात."

किल्ली फिरायची थांबली, कारण थोरलीनं मान वर केली होती.

"कुणीही कापतं?"

"म्हणजे, तसं नाही..."

"ती मखमल उलगड. चल, उलगड. लव कुठल्या अंगाला पडते ते सांग मला."

दादानं ठाणाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आई, विषय काय, तू बोलतेस काय."

"विषय हाच आहे. तुझ्या बायकोनं गेल्या खेपेला एक पट्टा उलटा कापला. टांगल्यावर कळलं. अर्धा पडदा लाल आणि एक पट्टा कोळशासारखा. गिऱ्हाईकानं विचारलं, मध्ये दार आहे का. कुणी निस्तरलं ते?"

वन्संनी संधी साधली. "धाकटीनंच निस्तरलं हो. रात्रंदिवस बसून. बिचारी."

"आत्ता तर तुम्ही तिच्या विरुद्ध होता!"

"मी त्या श्वासवालीच्या विरुद्ध आहे. धाकटीचं मी कधी नाव घेतलं?"

थोरली उठली. म्हणजे दादाला धाकटी जायला हवी होती. का, ते आता तिला स्वच्छ दिसलं: त्याला कात्री आपल्या बायकोच्या हातात हवी होती. तिचा संशय एका माणसावरून उचलून दुसऱ्यावर ठेवावा लागला, पण पहिल्यावरचा काही कमी झाला नाही. तेवढी जागा तिच्याकडे होती.

"तुम्ही दोघं इथंच थांबा," ती म्हणाली. "मी माझी टेप घेऊन येते."

टेप खिळ्याला असायची. खिळा रिकामा होता. थोरलीनं आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं टेप तिथं टांगली होती. तिची टेप तिच्या गळ्यात नाहीतर खिळ्याला, तिसरी जागा नव्हती. ती खिळ्याकडे बघत राहिली. मग चपला तिथंच सोडून, अनवाणी, मागच्या बोळातून नमुन्यांच्या खोलीकडे गेली.

मागच्या दारासमोरच राखाडी पडदा टांगलेला होता. झोपायच्या खोल्यांसाठीचा, अंधार करणारा, आत जाड अस्तर आणि त्याच्या आत आणखी एक. थोरलीनं तो स्वतः शिवला होता, आणि गिऱ्हाईकांना सांगताना ती छाती पुढं काढून सांगे, यामागं बाजा वाजवला तरी झोप मोडणार नाही. आता ती त्यामागं उभी राहिली आणि तिला काही म्हणता काही ऐकू येईना. नुसती गुणगुण. स्वतःच्या चांगल्या कामाचा तिला आयुष्यात पहिल्यांदा संताप आला.

तिनं पडद्याची कड बोटभर सरकवली.

तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीत धाकटा, दुसरीत धाकटी. तिसरीत श्वासवाली, पाठ ताठ, हनुवटी वर, आणि तिच्या गळ्यात थोरलीची टेप.

म्हणजे हिस्सा नाही. धाकटाही नाही. या बाईला जागाच हवी होती. टेबलाच्या डोक्याची जागा! म्हणून ती मखमलीवर हात फिरवत होती. दुकान पाहत होती ती, घर पाहत होती, कोण कुठं बसतं ते पाहत होती.

आणि तेवढ्यात धाकटा पुढं वाकला, त्या बाईच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "आई, मला तुझ्याशी बोलायचंय."

आई.

श्वासवालीनं त्याचा हात हातात घेतला. "बोल, बाळा. तुला किती जड जात असेल, मी समजू शकते."

थोरलीनं पडदा मुठीत धरला. पोटचं पोरगं तिच्या डोळ्यांदेखत दुसरीला आई म्हणत होतं, आणि ती दुसरी त्याला बाळा म्हणत होती. पोराला तिनं उभ्या जन्मात बाळा म्हटलं नव्हतं.

"थांबा जरा," धाकटीचा आवाज आला. ती खुर्चीतून उठली नाही, वळलीही नाही. नुसती जमिनीकडे पाहत होती. राखाडी पडद्याच्या खालच्या काठाकडे. तो काठ सरळ पडावा म्हणून त्यात शिशाच्या गोळ्यांची माळ शिवलेली असे, आणि ती माळ धाकटीनं स्वतः घातली होती. मागं कुणी उभं नसेल तर तो काठ कधी मोडत नाही. आता तो मधोमध मोडला होता.

"आई," धाकटी म्हणाली, "गोळ्या सरकल्यात. बाहेर या. उभ्यानं पाय दुखतील."

पडदा बाजूला सारून थोरली बाहेर आली तेव्हा तिनं चेहरा असा केला होता, की जणू ती रोजच पडद्यांतून येते. "माझी टेप," ती म्हणाली.

श्वासवाली टेप काढायला लागली. तिच्या मानेवर लाली चढली होती. थोरलीनं ते पाहून ठेवलं. म्हणजे ही लाजते तर.

"मीच दिली त्यांना," धाकटी म्हणाली. "विचारायला हवं होतं. चुकलं."

"आई, ती तू झाली होती," धाकटा म्हणाला.

"काय झाली होती?"

"तू. म्हणजे, आम्ही सराव करत होतो. तुझ्याशी बोलायचा. ती तू होते, मी बोलतो, मग तू जे म्हणशील ते ती म्हणते. आमचं दोघांचं केव्हाच ठरलंय गं. घराचं, सामानाचं, सगळं. त्याला दोन बैठका पुरल्या. तेव्हापासून आम्ही तुझ्यावरच अडलोय."

मागच्या दाराशी खुसपुसलं, कारण दादा आणि वन्सं कापायच्या खोलीत थांबण्यातली माणसं नव्हती.

थोरली श्वासवालीकडे वळली. "आणि मी काय म्हणते म्हणे? बाळा? समजू शकते?"

"काकू, मी प्रयत्न..."

"मी असं कधी बोलले? कुणी ऐकलंय मला असं बोलताना?"

"मी हेच सांगतेय त्यांना," धाकटी म्हणाली. तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "आई असं म्हणणारच नाहीत. अशा सरावाचा काय उपयोग?"

दाराशी वन्सं फिसकन हसल्या आणि खोकल्याचं सोंग केलं.

"ऊठ," थोरली श्वासवालीला म्हणाली. "ती खुर्ची माझी आहे. मला माझं काम येतं."

श्वासवाली उठली आणि भिंतीशी, पातळ पांढऱ्या पडद्यांजवळ जाऊन उभी राहिली. थोरली बसली. टेप गळ्यात घातली. "हं. बोल. काय बोलणार होतास आईशी?"

धाकट्यानं श्वास घेतला. या वेळी थोरलीनं काही म्हटलं नाही. पण तिची बोटं टेपच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"मी कारखाना सोडतोय. ही सोडत नाहीये. मी."

"तू?"

"मला शिडीची भीती वाटते, आई. पहिल्यापासून. बाबा गेल्यावर तू दांड्यांचं काम माझ्यावर टाकलंस, तेव्हापासून रोज. वर चढलो की गुडघे लटलटतात. सभागृहाची शिडी पाहून आलो आणि रस्त्यात गाडी थांबवून ओकलो. मित्राचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं सगळं जमिनीवर असतं."

थोरलीनं दादाकडे पाहिलं. दादानं नजर वळवली. म्हणजे त्याला माहीत होतं. तिनं धाकटीकडे पाहिलं. तिलाही माहीत होतं. भिंतीशी उभ्या त्या परक्या बाईलाही माहीत होतं.

"आणि लग्नाचं?" ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून ती पुन्हा म्हणाली, "आणि लग्न का मोडायचं?"

"आम्ही दिवसभर तुझी माणसं असतो. घरी गेलो की एकमेकांची कुणीच नसतो. दोन पाहुणे बसावेत तसे बसतो."

हे लागलं. थोरली खुर्चीतच वळली. "हे तू शिकवलंस याला! हे वाक्य याचं नाही."

"त्याचंच आहे," श्वासवाली म्हणाली. आणि या वेळी थांबली नाही, श्वास घेतला नाही. "मी ते काढ म्हणाले होते. म्हटलं, आईंना टोचेल."

"खरं आहे," धाकटा म्हणाला. "मी काढलं नाही."

मग दादा आत आला. एवढा वेळ गप्प बसलेला माणूस बोलायला लागला की घाईनं बोलतो, तसा. "म्हणजे धाकटी राहणार? कुठल्या नात्यानं? उद्या ती या घरची सून नसेल. कात्री सुनेकडे जाते, आई. तुझाच नियम. आजीपासूनचा."

धाकटी उभी राहिली. हात नेहमीसारखे एकमेकांत धरलेले, टेबलाशी कापडाची वाट पाहताना धरते तसे. "भाऊजी बरोबर बोलताहेत. मला हिस्सा नको. कात्रीही नको. मला एवढंच विचारायचं होतं, आणि तेच बोलता येत नव्हतं, म्हणून मी यांना आणलं. आई, मी सून नसले तर टेबलाच्या त्या टोकाला मला उभं राहता येईल का?"

सगळे थोरलीच्या तोंडाकडे पाहत होते. श्वासवालीसुद्धा. थोरलीच्या मनात पुष्कळ होतं. नवरा सोडतेस आणि सासू ठेवतेस, हे कुठलं शहाणपण? आणि लोक काय म्हणतील? आणि इतके दिवस माझ्यासमोर उभी राहून कापलंस आणि हे एका परकीला आधी सांगितलंस? हे सगळं जिभेवर आलं होतं. ती ते बोलणारच होती. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती बोलत नाहीये. ती थांबलीय. त्या बाईसारखी.

याचा तिला इतका राग आला, की ती एकदम दादावर घसरली. "नियम मला शिकवू नकोस. कात्री सुनेकडे जाते म्हणून हिला मिळणार होती असं वाटतं तुला? मग तुझी बायको कोण आहे? तीही सूनच ना? मी हात पाहून ठरवलं होतं. आणि कात्री मी अजून कुणालाच दिलेली नाही. माझी बोटं चालतात तोवर तिच्याकडे कुणी बघायचंही नाही."

"मग ही..."

"ही उद्या सकाळी वेळेवर येईल. सभागृहाचा पडदा कापायचाय. लव पाहून ठेवलीस का गं?"

"पाहिली," धाकटी म्हणाली. "खाली पडते. खडूनं बाण काढून ठेवलेत."

"बरं." थोरलीनं धाकट्याकडे पाहिलं, पण त्याच्या चेहऱ्याकडे नाही, गुडघ्यांकडे. "आणि तू उद्यापासून शिडीला हात लावायचा नाहीस. सभागृहात दादा चढेल."

"मी?" दादा म्हणाला.

"का? तुलाही भीती वाटते?"

वन्सं म्हणाल्या, "चढेल हो, चढेल. मी खाली शिडी धरते," आणि दादाचा चेहरा आणखीच पडला.

श्वासवालीनं आपली पिशवी उचलली. हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी. पण थोरलीच्या लक्षात न येणारं या खोलीत काही नव्हतं.

"कुठं निघालीस? थांब. तुझंही ऐकून जा." ती खुर्चीतून उठली आणि त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. तिच्यापेक्षा थोरली वीतभर बुटकी होती. ते जाणवू न देण्याची तिला सवय होती. "माझा तुझ्यावर विश्वास नाही. आजही नाही. दोघं वेगळी होतात त्यात तिसरीचं काय काम, ते मला कळलेलं नाही, आणि चहा अर्धा ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. माझ्या पोराचे गुडघे लटलटतात हे तुला ठाऊक आणि मला नाही, हे तर मी तुला कधीच माफ करणार नाही. पण तू त्याला ते वाक्य काढ म्हणालीस, आणि मी विचारलं तेव्हा ते त्याचंच आहे असं तोंडावर सांगितलंस, खोटं बोलली नाहीस. एवढं मी पाहिलं. या दोघांचं पुरतं होईपर्यंत येत जा. फक्त माझी टेप गळ्यात घालून माझ्या तोंडी गोड बोलायचं नाही. पोराला आईच्या शिव्या खायच्या असतील तर त्यानं इथं, माझ्यासमोर बसून खायच्या. तुला त्या देता येत नाहीत."